कोण हिंमतराव?

संक्रांतीनंतरचा रविवार होता. दुपारची जेवणं आटोपून मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसले होते. बाहेर हॉलमध्ये लेकीची गँग जमलेली. त्यांचे आवाज चढले म्हणून काही विशेष नाही, ते नेहमीचंच. पण तेवढ्यात एक वाक्य कानावर आलं आणि माझा हात थांबला.

‘‘हिंमतराव गेला तेव्हा कुठे ही बाई रडली! आधीची पन्नास वर्षं काय करत होती?’’

कोण गेलं? आमच्या सोसायटीत हिंमतराव नावाचं कुणी नाही. कॉलेजातले सर असतील का? की यांच्यापैकी कुणाचे आजोबा? आणि खरंच कुणी गेलं असेल, तर ही मुलं तिळाच्या वड्या चघळत असं तावातावानं काय बोलताहेत? मी ओढणीला हात पुसत बाहेर आले.

‘‘कोण गेलं रे? कोण हिंमतराव?’’

सगळे एकदम चिडीचूप. लेकीनं मान खाली घातली. शेवटी त्यातला एक जण चाचरत म्हणाला, ‘‘आंटी, तो कार्टूनमधला आहे.’’ बाकीच्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की बिचाऱ्यानं लगेच दुरुस्ती केली. ‘‘म्हणजे ॲनिमेमधला. खरं नाव हिमेल. हिंमतराव हे आजींनी ठेवलेलं.’’

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

गेल्या श्रावणात, म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये त्या गेल्या. तेव्हापासून घरात त्यांचा विषय निघाला, की लेक उठून आत जायची. एकोणीस वर्षांची मुलगी, आजीच्या कुशीत वाढलेली. पण अंत्यविधीला नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही, एकदाही ती रडली नव्हती. नातेवाइकांत कुजबुज झालीच, ‘‘नात बघा, डोळ्यांत टिपूस नाही.’’ मीही मनातून थोडी दुखावले होते, खोटं कशाला बोलू? आणि आता तिचे मित्रमैत्रिणी माझ्या सासूबाईंनी ठेवलेल्या नावानं एका जपानी पात्रावरून भांडत होते. सासूबाईंचा आणि जपानचा संबंध तरी काय? मला काही उमजेना.

तर मैत्रिणींनो, आधी या गँगची ओळख करून देते. चौघं-पाच जण आहेत. आमच्या घरात ते राहण्याच्या ठिकाणावरून ओळखले जातात. ‘सिडको’ म्हणजे बोलका मुलगा, ‘पंचवटी’ म्हणजे कमी बोलणारी पण बोलली की तोडणारी, ‘गंगापूर रोड’ सगळ्यांत चिकित्सक, आणि मला आंटी म्हणणारा तो ‘देवळाली कॅम्प’. बाकी सगळ्यांची मी काकू. दर रविवारी दुपारी हे आमच्याकडे जमतात. आठवड्यात कुणी काय बघितलं, कसं वाटलं, हे सांगायचं आणि दहापैकी गुण द्यायचे. नियम कडक आहेत. पहिला नियम, पुढची गोष्ट फोडायची नाही. फोडली तर दहा रुपये दंड, त्याचे समोसे. दुसरा, तीन भाग बघितल्याशिवाय कुठलीही मालिका ‘टाकाऊ’ म्हणायची नाही. हा नियम म्हणे जगभरचे शौकीन पाळतात. मला आवडला. सून घरात आली की तिच्याबाबतही लोकांनी तो पाळायला हरकत नव्हती.

मी आपली या सगळ्याला ‘कार्टून’ म्हणत आले. ‘‘एवढी मोठी झालीस, अजून कार्टून बघतेस?’’ हे माझं ठरलेलं वाक्य, आणि ‘‘आई, ते कार्टून नसतं गं!’’ हे तिचं ठरलेलं उत्तर. खरं तर मीही लहानपणी तेच केलं होतं. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा, आठवतंय ना? गुलजारांचं शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांचं संगीत, शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज. त्या वेळी मी तेरा वर्षांची. आंघोळ न करता टीव्हीपुढे बसले म्हणून आईचा धपाटा खाल्लाय. ती मालिका जपानी होती, निप्पॉन ॲनिमेशन कंपनीनं १९८९ मध्ये काढलेली, हे मला चाळिशी उलटल्यावर लेकीकडून कळलं. मी तर तिला पक्की देशी समजत होते! पुढे २००५ नंतर डोरेमॉन आला, मग शिनचॅन. आपल्या मुलांना हिंदी शिकवलं ते या दोघांनी. शिनचॅनच्या उद्धटपणाबद्दल तर इतक्या तक्रारी झाल्या, की काही काळ तो बंदच होता.

‘‘पण जपानमध्ये हे फक्त मुलांसाठी नसतं,’’ गंगापूर रोडनं मला एकदा समजावलं होतं. ‘‘काकू, तिकडे एका गृहिणीवरची मालिका १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी लागते. साझाए-सान. नवरा, मुलगा, आईवडील, धाकटी भावंडं, एवढंच घर. मूळ चित्रकथा एका बाईनंच काढलेली, माचिको हासेगावानं, दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच, १९४६ मध्ये.’’ मी मान डोलावली आणि कुकर लावायला गेले. नीट ऐकलं नाही, हे आता कबूल करते.

सासूबाईंनी मात्र ऐकलं.

त्याची सुरुवात झाली रामायणापासून. २४ जानेवारी २०२५ ला ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा चित्रपट आपल्याकडच्या थिएटरांत लागला. त्याची कहाणीही ऐकण्यासारखी आहे. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ १९८३ मध्ये एका माहितीपटाच्या निमित्तानं भारतात आले. पुरातत्त्वज्ञ डॉ. बी. बी. लाल यांनी अलाहाबादजवळ केलेल्या उत्खननावरचा तो माहितीपट. त्यातून त्यांना रामायणाचं वेड लागलं. आपल्याकडे सुरुवातीला विरोध झाला. देवादिकांचं कार्टून काढतात म्हणजे काय, अशी हरकत. तरी साकोंनी नाद सोडला नाही. आपले ज्येष्ठ ॲनिमेशनकार राम मोहन आणि जपानचे कोइची सासाकी यांना बरोबर घेऊन त्यांनी चित्रपट पुरा केला. वनराज भाटियांचं संगीत. सगळी चित्रं हातानं काढलेली. १९९३ मध्ये तो दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला, नंतर मुलांनी टीव्हीवर बघितला; पण थिएटरात सगळीकडे धडपणे लागायला २०२५ उजाडावं लागलं. तोवर साको नव्हते, ते २०१२ मध्येच गेले. राम मोहनही २०१९ मध्ये गेले.

सासूबाईंचं आयुष्य पंचवटीतल्या वाड्यात गेलेलं. लग्न होऊन आल्या त्या काळाराम मंदिराच्या घंटेच्या अंतरावर, आणि गुडघे थकल्यावर आमच्याबरोबर इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये. सीतागुंफा, रामकुंड, तपोवन हे त्यांना पाहुण्यांना दाखवून दाखवून इतकं पाठ, की त्या स्वतःला रामाच्या शेजारीणच समजत. नातीनं विचारलं, ‘‘आजी, जपानी रामायण बघायला येतेस?’’ अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या लगेच तयार! सव्वीस जानेवारीची सुट्टी रविवारीच आली होती. मला बँकेच्या झेंडावंदनाला जायचं होतं आणि नंतर घरची कामं होती, म्हणून मी गेले नाही. या दोघीच मॉलमधल्या थिएटरात गेल्या. नात सांगते, शूर्पणखा पडद्यावर आली तेव्हा आजी मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘आता आमचं गाव येणार!’’ पुढच्या रांगेतली माणसं वळून हसली. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत.

घरी आल्यावर त्यांनी दिलेलं मत मला आठवतं. ‘‘राम दमलेला दाखवलाय. बरं केलं. एवढी लढाई करून माणूस दमणारच की! आपल्याकडच्या फोटोत तो कधी दमत नाही.’’ आणि मग नातीला, ‘‘ए, तू त्या खोलीत बसून आणखी काय काय बघतेस? दाखव मला.’’

मी हसले आणि विसरून गेले. सकाळी नऊला घर सोडून संध्याकाळी सातला येणारी बाई मी. दुपारी घरात काय चालतं, ते मला कोण सांगणार?

ते त्या संक्रांतीच्या रविवारी या मुलांनी सांगितलं. मी मटाराची परात घेऊन त्यांच्यातच बसले. आधी अडखळत, मग एकमेकांची वाक्यं तोडत ते बोलायला लागले. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, आठवड्यातून तीन-चार दुपारी आजी त्यांच्यात बसत होत्या. जपानी संवाद आणि खाली इंग्रजी अक्षरं. दोन्ही त्यांना परकी. मग मुलांनीच युक्ती काढली. प्रत्येकानं एकेक पात्र वाटून घ्यायचं आणि खालचं इंग्रजी वाचून तिथल्या तिथे मराठीत बोलायचं. सिडको म्हातारे आणि राक्षस करायचा. देवळालीचं मराठी थोडं हिंदी वळणाचं, म्हणून तो घोडे, ड्रॅगन वगैरे. नावं लक्षात राहात नाहीत म्हणून आजींनी सगळ्यांची नवी बारशी केली. फ्रीरेन नावाची हजारो वर्षं जगणारी एल्फ असते, ती ‘यक्षीण’. हिमेल ‘हिंमतराव’. भाताचे त्रिकोणी ओनिगिरी म्हणजे ‘मुटके’. आणि माओमाओ ही ‘आमची माऊ’. गंमत म्हणजे चिनी भाषेत माओमाओचा अर्थ मांजर असाच आहे, हे मुलांना नंतर कळलं!

ही माऊ ‘द अपॉथेकरी डायरीज’ या मालिकेची नायिका. तुम्ही बघितली नसेल तर जरूर बघा. जुन्या चीनसारख्या एका राज्यातली सतरा वर्षांची मुलगी, औषधं जाणणाऱ्या बापानं वाढवलेली. तिला पळवून राजवाड्यात मोलकरीण म्हणून विकतात. तिथे राण्यांची तान्ही मुलं एकामागून एक दगावत असतात आणि सगळे शाप, करणी असं काहीबाही बोलत असतात. ही शोधून काढते, की दोष राण्या तोंडाला लावतात त्या पांढऱ्या पावडरीचा आहे. गोष्ट कल्पित असली तरी पावडर कल्पित नाही. शिसं घातलेली पांढरी भुकटी गोरं दिसण्यासाठी जपानमध्ये आणि युरोपातही बायकांनी शतकानुशतकं लावली आहे. आपल्याकडच्या गोऱ्या रंगाच्या वेडाबद्दल मी वेगळं काय सांगू?

या मालिकेवरून मुलांचे दोन तट आहेत. सिडकोचं म्हणणं, गोष्ट फार संथ, दहापैकी सहा. पंचवटी म्हणाली, नऊ. का? तर माऊच्या नाकावरचे ठिपके. ते खरे नसतात, कुणाची नजर पडू नये म्हणून ती मुद्दाम स्वतःला कुरूप दाखवते. ‘‘त्यात काय नऊ देण्यासारखं?’’ सिडकोनं विचारलं. पंचवटी शांतपणे म्हणाली, ‘‘मी गाडीवर बसताना सगळं तोंड स्कार्फनं बांधते. तुला वाटतं उन्हासाठी?’’ सिडको गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, ‘‘साडेसात.’’

आणि मग लेक बोलली. त्या दिवशी पहिल्यांदाच. माझ्याकडे न बघता. ‘‘आजीनं पावडरीचा भाग बघितला ना, तेव्हा ती म्हणाली होती, मलाही असंच झालं होतं.’’

‘‘काय झालं होतं?’’

‘‘कपाळावरचा डाग.’’

सासूबाईंच्या कपाळावर मधोमध एक पांढरट डाग होता. सव्वीस वर्षं मी तो बघत होते. जन्मखूण असेल असं समजून कधी विचारलंही नाही. तो म्हणे टिकलीचा. चिकटवायच्या टिकल्या नव्यानं निघाल्या तेव्हा त्यांनी हौसेनं लावायला सुरुवात केली. खाज यायची, पण सोसली. हळूहळू तिथला रंगच गेला. काहींच्या कातडीला टिकलीचा तो गोंद सोसत नाही आणि मग असे पांढरे डाग पडतात, हे आता त्वचेचे डॉक्टर सांगतात. त्या काळी कोण सांगणार? ‘कोड आहे’ असं कुणी म्हणायला नको म्हणून त्यांनी त्यावर मोठं कुंकू लावायला सुरुवात केली, ते सासरे असेपर्यंत. म्हणून त्यांचं कुंकू एवढं ठसठशीत!

मला एकदम काहीतरी आठवलं आणि परात बाजूला ठेवली.

२०११ मध्ये सासरे गेले. सासूबाईंनी कुंकू बंद केलं. मी तेव्हा जरा आधुनिक विचारांची सून. या असल्या रूढी मला मान्य नव्हत्या. मी मेनरोडवरून टिकल्यांची पाकिटं आणून त्यांच्या हातात ठेवली. म्हटलं, ‘‘आई, तुम्ही लावा. कुणी काही बोललं तर मी बघते.’’ त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि त्यांनी ती कपाटात ठेवून दिली. मी पुन्हा आणली. पुन्हा ‘बरं’. मग मला राग आला. मैत्रिणींमध्ये मी कितीदा म्हणाले असेन, ‘‘आमच्या सासूबाई फार जुन्या वळणाच्या हो, मी एवढं सांगूनही टिकली लावत नाहीत.’’ त्या गेल्यावर कपाट आवरताना ती पाकिटं मला सापडली होती, सगळी न फोडलेली.

‘‘तिनं मला का नाही सांगितलं?’’ मी विचारलं.

लेक म्हणाली, ‘‘मीही विचारलं तिला. म्हणाली, तुझी आई एवढ्या उत्साहानं आणायची, तिचा हिरमोड कशाला करायचा?’’

त्या दिवशीची मटार-उसळ खारट झाली. कुणी काही बोललं नाही.

पुढच्या रविवारपासून मी त्यांच्यात बसायला लागले. सगळंच मला आवडतं असं समजू नका. ‘डीमन स्लेअर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे लागला आणि मुलांनी डोक्यावर घेतला. अडीच तासांहून मोठा, आणि त्यात रक्त किती! मला तो काही झेपला नाही. त्यातल्या आकाझा नावाच्या राक्षसावरून यांचा वाद तीन रविवार चालला. माणूस असताना आजारी वडिलांच्या औषधासाठी तो चोऱ्या करत असतो. मग सिडको म्हणतो, त्याला माफ करायला हवं. गंगापूर रोड म्हणते, दुःख झालं म्हणून माणसं मारायचा परवाना मिळतो का? मी तिच्या बाजूनं. काही मालिकांत मुलींना ज्या तोकड्या कपड्यांत आणि ज्या नजरेनं दाखवतात, तेही मला खटकतं, आणि या मुलींनाही खटकतं. गंगापूर रोडनं त्यापायी एक गाजलेली मालिका चौथ्या भागात सोडली आणि शून्य गुण दिले. आपण आया समजतो, मुलं जे समोर येईल ते गिळतात. तसं नसतं.

यांचा आणखी एक सनातन वाद म्हणजे ‘सब की डब’. म्हणजे मूळ जपानी ऐकत खालची अक्षरं वाचायची, की हिंदीत केलेलं ऐकायचं? सिडको डबवाला, बाकी सगळे सबवाले. मला वाटलं होतं, मी आपली डबच्या बाजूची. हिंदी असलं की कानानं ऐकत हातानं लसूण सोलता येतो. आयुष्यभर टीव्ही मी असाच बघितला, अर्धा. कपड्यांच्या घड्या घालत, भाजी निवडत. खालची अक्षरं वाचायची तर मान वर ठेवून नुसतं बसावं लागतं. पहिल्यांदा बसले तेव्हा हात रिकामे म्हणून इतकं अवघडल्यासारखं झालं! काहीतरी चोरी करतोय असं वाटलं. चोवीस मिनिटं. हे म्हणाले, ‘‘बरं नाही का?’’

त्या जानेवारीत खरी गडबड वेगळीच होती. फ्रीरेनचं दुसरं पर्व नुकतंच सुरू झालं होतं. गँग ते बघायला उतावीळ आणि माझी लेक अडून बसलेली. ‘‘तुम्ही बघा. मी नाही.’’ त्या रविवारचा वाद त्यातूनच निघाला होता. पंचवटीकडून कळलं, की पहिल्या पर्वाचे अठ्ठावीस भाग आहेत, आजी आणि नात मिळून चौदा बघून झाले होते. पंधरावा राखी पौर्णिमेनंतर बघायचं ठरलं होतं. त्याआधीच आजी दवाखान्यात गेल्या. तेव्हापासून नातीनं ती मालिका उघडलेली नाही.

मी कुणाला न सांगता बघायला सुरुवात केली. रात्री ओटा आवरून, मोबाइलवर, कानात ते बोंडुक घालून.

पहिल्याच भागात चार जण दहा वर्षं हिंडून राक्षसांच्या राजाला मारून परत येतात. यक्षीण हजारो वर्षं जगणारी. दहा वर्षं म्हणजे तिला आपला एखादा श्रावण. ती सहज निरोप घेऊन जाते आणि पन्नास वर्षांनी परत येते, तर हिंमतराव म्हातारा, टक्कल पडलेला. थोड्याच दिवसांत तो जातो. अंत्ययात्रेला सारं गाव लोटलेलं, आणि लोक कुजबुजतात, की ही एवढी बरोबर होती, हिच्या चेहऱ्यावर काहीच कसं नाही? इथे मी मोबाइल थांबवला. उठून पाणी प्यायले. लेकीच्या खोलीचं दार बंद होतं, खालून उजेड दिसत होता.

मग पुढे बघितलं. माती पडायला लागते तेव्हा ती रडते, की दहा वर्षं बरोबर राहून या माणसाबद्दल मला काहीच माहीत नाही. गंगापूर रोडचा आक्षेप असा, की पहिल्याच भागात रडवणं ही लबाडी आहे, आपण हिंमतरावाला ओळखतही नाही. त्यावर पंचवटीचं उत्तर, ‘‘तीही कुठे ओळखत होती?’’ मला वाटतं पंचवटीचं बरोबर आहे. पण गंगापूर रोडचं एक पटतं, मधले काही भाग लढायांनी उगाच लांबवलेत.

दुसऱ्या भागात हिंमतरावाच्या पुतळ्याभोवती लावायला यक्षीण त्याच्या गावची निळी फुलं शोधत हिंडते. त्यावर आजींनी दिलेलं मत सिडकोनं मला त्यांच्याच सुरात म्हणून दाखवलं होतं, ‘‘माणूस गेल्यावर हार आणणारे खूप बघितले गं. ही निदान स्वतः रानात जाऊन शोधते आहे.’’ गुण दहापैकी नऊ. एक कापला, कारण ‘यक्षिणीनं जेवायच्या वेळेला जेवावं.’

रोज एक या हिशेबानं मला पंधरवडा लागला. चौदाव्या भागात हिंमतरावानं दिलेली अंगठी हरवते. ती देताना तो गुडघा टेकून बसला होता आणि अंगठीवरच्या फुलाचा अर्थ काय, हे यक्षिणीला कळलंच नव्हतं. हा सासूबाईंनी बघितलेला शेवटचा भाग. त्या काय म्हणाल्या, हे गँगपैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी दोघीच होत्या.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री मी लेकीच्या दारावर टकटक केली. ‘‘माझे चौदा झालेत,’’ म्हटलं.

तिनं वर बघितलं. ‘‘कसले चौदा?’’

‘‘हिंमतरावाचे.’’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग लॅपटॉप जवळ ओढला आणि पलंगावर थोडी सरकली. मी बसले. हातात काही नव्हतं.

‘‘अंगठीचा भाग बघून आजी काय म्हणाली?’’ मी विचारलं.

‘‘म्हणाली, आजोबांनी तिला एकदा सराफ बाजारातून पैंजण आणले होते. सांगितलं काहीच नाही, नुसते फडताळात ठेवून दिले. तिला वाटलं, नणंदेचे आहेत. तिनं नणंदेला देऊन टाकले.’’ लेक हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. मग ती रडली. सहा महिन्यांचं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझंही तेच चाललं होतं. बाहेरून ह्यांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘काही नाही, हिंमतराव!’’

नंतर तोंड धुऊन आम्ही पंधरावा लावला. सुरुवातीचं गाणं लागलं. गँगमधली सगळी मुलं ते पुढे ढकलतात. लेकीचं बोटही सवयीनं तिकडे गेलं आणि थांबलं.

‘‘आजी ढकलू द्यायची नाही,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणायची, त्यांनी एवढं बसवलंय, ऐकू या की पुरतं.’’

दीड मिनिटाचं गाणं आहे. आम्ही पुरतं ऐकलं.